पीसीचा साऊंड गेला? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

मी काही दुकानवाला नाही, नोकरी वेगळीच आहे, पण एकदा एकाचा पीसी नीट करून दिला की माणूस कायमचा अडकतो. आता सोसायटीत, नात्यात, अगदी बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर पण कोणाचा कॉम्प्युटर मुका झाला की फोन मलाच येतो. पहिलं वाक्य ठरलेलं, "साऊंड कार्ड उडालं वाटतं." आणि दुसरं वाक्य, जे ऐकून माझं डोकं फिरतं, "एकाने फॉरमॅट मारून दिलं, तरी पण नाही आला."

अहो, मदरबोर्डवरची (पीसीतला मुख्य बोर्ड) ऑडिओची चिप इतक्या सहज उडत नाही. मी बघितलेल्या बहुतेक केसमध्ये आवाज मस्त चालू होता, फक्त जिथे कोणी ऐकत नाही अशा ठिकाणी निघत होता. तो कुठे चाललाय हे शोधायचं सोडून लोक थेट ड्रायव्हर (विंडोजकडून ती चिप चालवून घेणारं सॉफ्टवेअर), फॉरमॅट, नवीन मदरबोर्ड या वाटेला लागतात. त्याच त्याच चुका बघून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो.

हिरवी पट्टी न बघताच कामाला लागणं

माझी सवय सांगतो. कोणाच्याही पीसीवर बसलो की आधी यूट्यूबवर काहीतरी लावून ठेवतो, आणि मग विंडोजचं जुनं साऊंडचं पॅनल उघडतो. कीबोर्डवर विंडोज आणि आर दाबायचं, त्यात एम एम एस वाय एस डॉट सी पी एल असं सलग टाईप करून एंटर. जी खिडकी उघडते तिच्यात प्लेबॅकखाली स्पीकर, मॉनिटर, डिजिटल आउटपुट अशी सगळी यादी येते आणि प्रत्येकाच्या उजव्या बाजूला एक उभी पट्टी असते. आवाज ज्याच्याकडे चाललाय त्याची पट्टी हिरवी होऊन नाचते.

आता नुसतं बघायचं. स्पीकरची पट्टी नाचतेय आणि कानाला काही नाही, म्हणजे विंडोजने त्याचं काम केलंय, पुढची भानगड वायर, जॅक नाहीतर स्पीकरची आहे, ड्रायव्हरला हात लावू नका. दुसऱ्याच कुणाची पट्टी नाचतेय, म्हणजे आवाज तिकडे पळालाय. कुणाचीच नाचत नाही, मग त्या अॅपमध्ये किंवा व्हॉल्यूम मिक्सरमध्ये म्यूट आहे का बघा (क्रोमचा टॅब पण म्यूट होतो, हसू नका, मी स्वतः त्यात अर्धा तास घालवलाय). आणि स्पीकरचं नावच यादीत नाही, तर रिकाम्या जागेत राईट क्लिक करून डिसेबल्ड डिव्हायसेस दाखव म्हणायचं, तरीही नाही आलं तरच ड्रायव्हर आणि बायोसकडे (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं स्वतःचं सेटिंग) जायचं. एवढं एक मिनिटाचं काम आहे, पण नवीन पोरांना धीर नाही, त्यांना लगेच काहीतरी डाउनलोड करायचं असतं.

नवीन मॉनिटर आणला आणि आवाज गेला

ही माझी सगळ्यात लाडकी चूक. नात्यातल्या एक मावशी ऑनलाइन संस्कृतचे क्लास घेतात. मुलाने दिवाळीला चोवीस इंची नवीन मॉनिटर आणून दिला, जुना व्हीजीए केबलवर होता, हा एचडीएमआयवर लावला, चित्र एकदम झकास, आणि त्याच संध्याकाळपासून आवाज बंद. मावशी म्हणे मॉनिटर लावताना काहीतरी शॉर्ट झालं असणार. शेजारच्या पोराने दोन-चार ड्रायव्हर टाकून बघितले, मग पीसी रिपेअरला गेला, तिकडे फॉरमॅट मारला, घरी आणून जोडला तर परत तेच. मग त्यांना सांगण्यात आलं की मदरबोर्ड बदलावा लागेल. डी ड्राइव्ह वाचला, पण डेस्कटॉपवर ठेवलेली लेक्चरची रेकॉर्डिंग गेली, सुभाषितांचं एक अख्खं सत्र गेलं, आणि तीन दिवसांनी फोन मला.

झालं काय होतं, तर व्हीजीएच्या केबलमधून आवाज जातच नाही, फक्त चित्र जातं. एचडीएमआयमधून दोन्ही जातात. त्या मॉनिटरला स्पीकर नव्हते पण मागे हेडफोन लावायचं भोक होतं, त्यामुळे तो विंडोजला सांगत होता की माझ्याकडे ऑडिओ आहे बरं का, आणि विंडोजने नवीन पाहुणा बघून सगळा आवाज त्याच्याकडे वळवला. दुकानात फॉरमॅटनंतर त्यांच्या मॉनिटरवर चेक केलं असेल, तिकडे आवाज आलाही असेल, घरी आल्यावर पुन्हा एचडीएमआय लावली की पहिले पाढे पंचावन्न. मी फोनवरच सांगितलं, मावशी, खाली घड्याळाशेजारी स्पीकरचं चित्र आहे त्यावर क्लिक करा, आवाजाच्या पट्टीशेजारी बाण दिसेल तो दाबा, यादीत रिअलटेक (ही ऑडिओ चिपची कंपनी) लिहिलेलं स्पीकर निवडा. फोनमधूनच मला त्यांच्या पीसीवरचा श्लोक ऐकू आला. पाच मिनिटं. त्यानंतर त्या पॅनलमध्ये जाऊन स्पीकरला सेट डिफॉल्ट आणि मॉनिटरच्या ऑडिओला डिसेबल करून घेतलं, नाहीतर अपडेट आला की हे उपकरण पुन्हा उड्या मारतं.

यालाच चिकटून दुसरा घोळ. ग्राफिक कार्ड असलं की त्याचा ऑडिओ वेगळा दिसतो, एनव्हिडिया हाय डेफिनिशन ऑडिओ वगैरे नावाने. लोक डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते नाव बघून म्हणतात, ऑडिओ तर दिसतोय. तो ग्राफिक कार्डाचा, एचडीएमआयसाठीचा. तुमचा ऑनबोर्डवाला, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपचा, वेगळा. खात्री करायची असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सखाली हार्डवेअर आयडी बघा, रिअलटेकच्या चिपला व्हेंडर नंबर १०ईसी असतो. तो कुठेच नसेल तर बायोसमध्ये जा आणि ऑनबोर्ड ऑडिओ किंवा एचडी ऑडिओ कंट्रोलर बंद झालाय का ते बघा. काही बायोसमध्ये त्याला अझेलिया म्हणतात, इंटेलच्या २००४ सालच्या एचडी ऑडिओचं ते आतलं नाव, कोणाला कळणार ते. तिथे डिसेबल असेल तर विंडोजमध्ये तुम्ही डोकं आपटलं तरी काही दिसणार नाही.

पुढच्या जॅकचं दुखणं

हा किस्सा माझाच आहे, त्यामुळे दुसऱ्याला हसता येत नाही. काही वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून नवीन कॅबिनेट आणलं, संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये ते खोकं डोक्यावर धरून उभा होतो, म्हणजे घरी पोहोचेपर्यंतच निम्मा जीव गेला होता. रात्रीच सगळं जोडलं. मागच्या जॅकला आवाज येतोय, पुढच्या हेडफोनला नाही. पुढचा अख्खा रविवार मी ड्रायव्हर काढ, टाक, जुना टाक, नवा टाक असा घालवला. चार वेळा. विंडोज सारखं म्हणतंय की हेडफोन लावलेलाच नाही.

रविवारी रात्री वैतागून कॅबिनेट उघडलं. पुढच्या जॅकची जी वायर आत येते तिच्या टोकाला दोन कनेक्टर लोंबत होते, एकावर एसी ९७ लिहिलेलं आणि दुसऱ्यावर एचडी ऑडिओ, आणि मी हाताला आला तो पहिला लावलेला. एसी ९७ ही १९९७ ची जुनी पद्धत, तिच्यात जॅक लावला-काढला हे बोर्डाला कळायची सोयच नाही. हल्लीच्या बोर्डाला एचडीवालाच लागतो. तो बदलला, दोन मिनिटं लागली. नवीन कॅबिनेटमध्ये बहुतेक एकच कनेक्टर येतो, पण जुन्या कॅबिनेटमध्ये नवीन बोर्ड बसवणारे अजून याच्यात फसतात. बायोसमध्ये फ्रंट पॅनल टाईप म्हणून ऑप्शन असेल तर तोही एचडीवर आहे ना बघा.

अजून एक, हा कनेक्टर ज्या पिनांवर बसतो ते हेडर मदरबोर्डच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि त्याच ओळीत पुढे यूएसबीचं असतं. दोघांना नऊच पिना. फरक इतकाच की गाळलेली पिन दोघांची वेगळ्या जागी आहे, म्हणून चुकीचा कनेक्टर बसत नाही. बसत नाही म्हणजे बसत नाही. अंगठ्याने दाबून बसवणारे महाभाग मी बघितलेत. यूएसबीच्या हेडरवर ५ व्होल्ट असतात, आणि वाकलेली पिन सरळ करताना तुटली की मग खरोखरच मदरबोर्डचा खर्च.

बाकीच्या चुका, पटापट

मागचा हिरवा जॅक स्पीकरचा, गुलाबी माइकचा, निळा लाइन इनचा म्हणजे बाहेरून आत आवाज घ्यायचा. टेबलाखाली अंधारात वाकून लावताना हिरवं की निळं कळत नाही, मोबाईलचा टॉर्च लावा ना. आणि बोर्डाला फक्त तीन जॅक असतील तर केशरी, काळा शोधत बसू नका, ते नसतातच.

स्पीकरला स्वतःचं बटण असतं, स्वतःचा ॲडॅप्टर असतो, आणि वूफरच्या मागे किंवा बाजूला व्हॉल्यूमचा खटका असतो जो झाडू मारताना फिरतो. स्पीकरची पिन काढून मोबाईलला लावून बघा, त्याला जॅक नसेल तर टीव्हीला. तिकडेही वाजला नाही तर पीसीला कशाला शिव्या.

पुढे हेडफोन लावला की बऱ्याच पीसीत मागचे स्पीकर आपोआप बंद होतात, तशी सेटिंगच असते. एका मित्राकडे दोन तास गेले, शेवटी टेबलामागे लोंबकळणाऱ्या हेडफोनमधून बारीक आवाजात अभंग ऐकू आला.

मोबाईलचा माइकवाला हेडफोन, ज्याच्या पिनेवर तीन काळे पट्टे असतात, तो डेस्कटॉपच्या हिरव्या जॅकला लावला तर आवाज येईल पण माइक चालणार नाही. शंभर-दीडशे रुपयांचा दोन पिनांचा स्प्लिटर घ्या. यासाठी ड्रायव्हर शोधत फिरू नका.

लॅपटॉपचे स्पीकर बंद पण हेडफोनला आवाज येतोय, तर जॅकच्या आतला खटका अडकलाय, लॅपटॉपला वाटतंय हेडफोन लावलेलाच आहे. पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. टाचणी घालून कोरू नका, कृपया. कोकणातल्या लोकांना हे पावसाळ्यात हमखास होतं, दमट हवेने संपर्क गंजतात, आणि घर महिनाभर बंद असेल तर विचारूच नका.

एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर टाकून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर. नाही म्हणजे नाही. सोबत दोन टूलबार आणि एक अँटिव्हायरस घेऊन येतात, आणि ड्रायव्हर भलत्याच बोर्डाचा टाकतात. आपल्या बोर्डाचं नाव विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बेसबोर्ड प्रॉडक्टसमोर लिहिलेलं असतं, ते घेऊन त्या कंपनीच्या साइटवर जा, तिथला ऑडिओ ड्रायव्हर घ्या. तोपर्यंत विंडोजचा स्वतःचा साधा हाय डेफिनिशन ऑडिओ ड्रायव्हर पण बहुतेक वेळा चालतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर, मग यादीतून निवडतो म्हणायचं आणि तो घ्यायचा. मी तर आधी तोच लावून बघतो, त्याच्यावर आवाज आला की चिप जिवंत आहे हे कळतं.

बंद करून चालू केला, तरी नाही आला, असं म्हणणाऱ्यांसाठी. विंडोज आठपासून फास्ट स्टार्टअप आलंय, शट डाउन केलं तरी आतली बरीचशी अवस्था साठवून ठेवतं आणि सकाळी तीच परत आणतं. रीस्टार्ट करा. त्याने पण नाही झालं तर पीसी बंद करून मागची पॉवरची वायर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग वायर लावा. अडकलेली ऑडिओ चिप याने सुटलेली मी कितीतरी वेळा बघितलीय, आणि लोकांना हा सल्ला इतका फालतू वाटतो की करून न बघताच "केलं" म्हणतात.

मीटिंग सुरू झाली की गाणं एकदम हळू होतं, ही पण तक्रार येते. त्याच साऊंडच्या खिडकीत कम्युनिकेशन्स म्हणून टॅब आहे, तिथे इतर आवाज ८० टक्के कमी करा असं निवडलेलं असतं. डू नथिंग करा.

लिनक्सवाल्यांनो, टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, ज्या खांबाखाली एम एम दिसतंय तो म्यूट आहे, त्यावर जाऊन एम दाबा, आणि ऑटो म्यूट मोड बंद करून बघा. एवढं करून मग हवी तर नवीन डिस्ट्रो टाका, तुम्ही तशीही टाकणारच.

आता खरोखर उडालेला एक. जून महिना, गावाकडच्या भावाचं घर, रात्री विजा झाल्या, इंटरनेटची तांब्याची वायर गच्चीवरून थेट पीसीच्या मागे आलेली. सकाळी लॅनचा पोर्ट पण गेला आणि ऑडिओ पण. बायोसमध्ये चालू होता, विंडोजमध्ये कुठेच नाव नाही, पॉवरची वायर काढून ठेवून बघितली, दुसरी विंडोज टाकलेली हार्ड डिस्क लावून बघितली, काही नाही. तिथे मात्र मी मान्य केलं. बायोसमधून ऑनबोर्ड ऑडिओ बंद केला आणि माझ्या बॅगेत नेहमी असणारं यूएसबी साऊंड कार्ड लावून दिलं, अंगठ्याएवढं, काहीशे रुपयांचं, त्यालाही हिरवा आणि गुलाबी जॅक असतो. तो पीसी अजून मस्त चालतोय. फक्त भावाची पोरं ते पेनड्राइव्ह समजून उपटून ड्रॉवरमध्ये ठेवतात, आणि मग भावाचा फोन येतो, दादा, साऊंड कार्ड उडालं वाटतं.