देखावा जवळ गेलं की वाजला पाहिजे!

गणपतीत मंडळाच्या देखाव्यापुढे माणूस आला की लाइट पेटून ढोल वाजावा असं करायचंय? वाटतं तेवढं अवघड नाहीये. आर्डुइनो ऊनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड), एचसी-एसआर०४ सेन्सर (आवाजाच्या लहरी सोडून अंतर मोजतो), डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डावरचा आवाज वाजवतो), स्पीकर आणि ५ व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पट्टी, बास. सेन्सर कागदावर ४ मीटर सांगतो पण मऊ कपडे आवाज पिऊन टाकतात, म्हणून दीड-दोन मीटरच धरून चाला आणि कमरेच्या उंचीला लावा, म्हणजे पोरंही सापडतात.

खरी गोची पॉवरची. एक एलईडी फुल पांढरा झाला की साधारण ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे ६० एलईडींना ३.६ अँपिअर, ते आर्डुइनोतून ओढायला गेलात तर बोर्ड गेलाच समजा, त्यामुळे पट्टीला वेगळा सप्लाय घ्या आणि सप्लाय व आर्डुइनो दोघांची ग्राउंड (मायनसची वायर) जोडा (आम्ही विसरलो, पट्टी रात्रभर अंगात आल्यासारखी नाचत होती).

गर्दीत ढोल थांबतच नाही, म्हणून कोडमध्ये एकदा वाजला की २० सेकंद गप्प असं टाका. पाऊस असतोच, सेन्सरचं तोंड बाहेर ठेवून बाकी सगळं प्लास्टिकच्या डब्यात. आणि परवानगीचे दिवस सोडून रात्री १० नंतर स्पीकर बंद, नुसते लाइट.