कोल्हापूरच्या पावसात बेसबॉल कार्डं : घ्यायची कुठली आणि जपायची कशी

आपल्याकडं बेसबॉल बघणारेच कमी, त्यात खेळाडूंची कार्डं (पुढं फोटो, मागं त्याचे आकडे) जमवणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, त्यामुळं कुणी नवीन सुरुवात करतोय म्हटलं की मला लय आनंद होतो, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

भावांनो, पहिली गोष्ट, किमतीच्या मागं लागू नका. मिकी मँटल या जुन्या खेळाडूचं टॉप्स कंपनीनं काढलेलं १९५२ चं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, ते आपलं काम न्हवे. कार्ड माणसासाठी घ्यायचं. सुरुवातीला १९८७ ते १९९३ च्या दरम्यानची बघा, त्या काळात कंपन्यांनी एवढी छापली की आजही बरीचशी स्वस्तात मिळतात. फक्त अमेरिकेतून मागवताना कार्डापेक्षा शिपिंग आणि कस्टम्सच जास्त होतं, तर एकेक मागवू नका, यादी करून ठेवा आणि तिकडं राहणारं कोण पाव्हणं दिवाळीला येणार असेल तर त्यांच्या बॅगेतून आणायला सांगा. अडीच बाय साडेतीन इंचाचं कार्ड, पत्त्याएवढं, कुठंपण मावतं.

माझं सगळ्यात लाडकं म्हणजे केन ग्रिफी ज्युनियरचं, अप्पर डेक कंपनीचं १९८९ चं कार्ड. कंपनीचं ते कार्डातलं पहिलंच वर्ष, आणि १ नंबरचं कार्ड दिलं १९ वर्षांच्या पोराला, जो मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, अजून एक मॅचपण खेळला नव्हता! खांद्यावर बॅट, तोंडभर हसू. टोपी जरा निरखून बघा, मूळ फोटो सॅन बर्नार्डिनोच्या खालच्या लीगमधला आहे, टोपी नंतर रंगवून त्याच्या मेजर लीगमधल्या टीमची, मरिनर्सची, केलीय. पुढं या पोरानं ६३० होम रन (आपल्या सिक्सरसारखा फटका) मारले. आणि १४ सप्टेंबर १९९० ला हा पोरगा आणि त्याचा बाप एकाच टीमकडून लागोपाठ होम रन मारतात, हे मी कितीही वेळा सांगितलं तरी अंगावर काटा येतो.

दुसरं रॉबर्टो क्लेमेंटेचं १९७३ चं टॉप्स. १९७२ मध्ये त्याच्या बरोबर ३००० हिट्स (चेंडू मारून सुखरूप बेसवर पोचला की एक हिट) झाल्या आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान कोसळून गेला, म्हणजे हे कार्ड आलं तेव्हा माणूस नव्हता. त्याच्या आधी कितीतरी वर्षं टॉप्सवाले त्याच्या कार्डावर रॉबर्टोऐवजी इंग्रजी वळणाचं बॉब छापायचे, ते मला अजून खटकतं. याचं कोपरे झिजलेलं कार्ड घ्या, कोरं करकरीत नको, चांगलं स्वस्त पडतं आणि चेहरा तोच असतो.

मागची बाजू वाचायला शिका, खरी मजा तिथंच आहे. बॅटिंग अ‍ॅव्हरेज क्रिकेटसारखं धावांचं नसतं, .३०० म्हणजे दहा वेळा बॅटिंगला आला तर तीनदा हिट मारली, आणि तेवढं जमलं तरी तो चांगला बॅटर.

आता जपायचं. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी आलं, मी कार्डं कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात नुसती रबर लावून ठेवलेली, त्या गठ्ठ्याची वीट झाली. चकचकीत कार्डं ओली झाली की एकमेकांना अशी चिकटतात की सोडवायला गेलं तर चेहऱ्यावरचा रंगच निघून येतो. रबर तर लावूच नका, कडांना खाचा पडतात.

प्रत्येक कार्डाला आधी प्लॅस्टिकची पातळ पिशवी, म्हणजे स्लीव्ह, लाडक्याला त्याच्यावर प्लॅस्टिकचं कडक कव्हर, म्हणजे टॉपलोडर. पीव्हीसीचे स्वस्त अल्बम नकोत, काही वर्षांनी चिकट होतात, पॉलिप्रॉपिलीन लिहिलेलं बघून घ्या. सगळी उभी करून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको, ओल येते. डांबरगोळ्या टाकू नका. आणि कृपा करून झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन करू नका, टिकावं म्हणून करतात पण त्यानं कार्ड कायमचं वाया जातं, ते परत निघत नाही.

भडंग खात खात कार्डं हाताळू नका, तेलाचा डाग कधीच जात नाही. पाऊस जोरात असताना डबा शक्यतो उघडूच नका. गणपती झाले, ऊन पडलं की एखाद्या रविवारी दुपारी पंखा बंद करून सगळी बाहेर काढा, पुड्या बदला, आणि एकेक कार्ड कडेनं धरून परत वाचत बसा.