सांगलीवाडीची उधारी सांगलीत कशी आली

बीसीए झाल्यावर सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका छोट्या ऑफिसात चिकटले. काम ऐकून तोंडच पडलं. हळद-बेदाण्याच्या अडत्यांसाठी व्हिज्युअल फॉक्सप्रोत लिहिलेला जुना हिशेबाचा प्रोग्राम पोस्टग्रेस या डेटाबेसवर न्यायचा होता, आणि त्याआधी त्यात वापरलेल्या प्रत्येक तयार फंक्शनची नोंद लिहून काढायची होती. या भाषेची शेवटची आवृत्ती २००४ ची. पुढची काढणार नाही असं मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्येच सांगितलं, २०१५ मध्ये सपोर्टही संपला. यार्डात त्याचं कुणाला काही नाही. सौदे झाले की पट्ट्या अजून त्याच प्रोग्राममधून निघतात.

पहिल्या आठवड्यात मी चाळीस फंक्शनं उरकली. हेल्प उघडायची, मराठी करायचं, पुढं जायचं. ‘स्ट्र : आकड्याची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचा मजकूर, करतं.’ प्रोग्राम मूळचा ऑफिसातल्या अण्णांचा. त्यांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, “अगं, हे नावावरनंच कळतंय की. पैसे कुठं जातात ते लिही.” कमांड विंडोत १२५०.७५ देऊन स्ट्र चालवायला लावलं. उत्तर आलं १२५१. लांबी आणि दशांश सांगितले नाहीत तर स्ट्र दहा जागा धरतं आणि दशांश शून्य. सांगितलेली लांबी फारच कमी पडली तर नुसत्या चांदण्या (*) छापतं. माझ्या नोंदीत यातलं काही नव्हतं.

मला खरा धडा मिळाला तो मात्र बरोबरच्या (=) चिन्हानं, आणि ते तर फंक्शनसुद्धा नाही. गाव ‘सांगली’ टाकून उधारीची यादी काढली तर तीत सांगलीवाडीची गिऱ्हाइकंही आली. मी डेटा तपासला, इंडेक्स नवा केला, दुपार गेली. फॉक्सप्रोत ‘सेट एक्झॅक्ट’ हे तंतोतंत जुळणीचं सेटिंग मुळात बंद असतं. तेव्हा एका बरोबरच्या चिन्हानं तुलना केली तर उजवीकडची स्ट्रिंग संपेपर्यंतच अक्षरं जुळवली जातात. म्हणून ‘सांगलीवाडी’ = ‘सांगली’ खरं, पण उलटं लिहिलं तर खोटं. उजवीकडे रिकामी स्ट्रिंग असेल तर काहीही खरं! नोंद शोधणारं सीक फंक्शनही याच सेटिंगवर चालतं. पोस्टग्रेसमध्ये असं होत नाही. तिथं तीच अट लिहिली की सांगलीवाडी यादीतून गळते. एखादा अडत्या या अर्धवट जुळणीवरच दोन्ही गावांची वसुली एकत्र बघत असेल, तर त्याला आपला नवा प्रोग्रामच चुकीचा वाटणार.

तेव्हापासून फंक्शन काय करतं हे मी एका ओळीत संपवते. बाकी जागा ठेवते ती रिकामं दिलं तर काय, मावलं नाही तर काय आणि कुठल्या ‘सेट’वर उत्तर बदलतं, याला. अक्षरांत लिहिलेल्या तारखेची खरी तारीख करणारं सीटीओडी घ्या. तारखेची मांडणी मुळात अमेरिकन, म्हणजे महिना आधी. ‘सेट डेट ब्रिटिश’ करायचं राहिलं तर ५ एप्रिल गुपचूप ४ मे होतो. १३ एप्रिल मात्र रिकामी तारीख होऊन येतो, कारण तेरावा महिना नसतो. बारा तारखेपर्यंतची चूक दिसतच नाही, म्हणून उदाहरण घेताना तेरानंतरची एक आणि आधीची एक अशा दोन्ही तारखा घ्या. वर ही रिकामी तारीख म्हणजे नल (मूल्यच नाही) नव्हे : रिकामं आहे का विचारणारं एम्प्टी ‘हो’ म्हणतं, नल आहे का विचारणारं इजनल ‘नाही’. पोस्टग्रेसला रिकामी तारीख ठाऊकच नाही, तिथं नलच करावा लागतो.

नोंदी मोजणाऱ्या रेककाउंटबद्दल एवढंच : डिलीटची खूण केलेल्या नोंदीही तो मोजतो आणि फिल्टर लावला तरी आकडा तोच देतो.

असं काम अंगावर आलं तर हेल्पमधली अक्षरानुक्रमे यादी धरून बसू नका. सगळ्या कोडमध्ये शोध लावून कुठलं फंक्शन किती वेळा येतं ते आधी मोजा. आमच्याकडं मोजकीच फंक्शनं बहुतेक सगळीकडं होती. मी मात्र पहिल्या आठवड्यात कोसाइनची नोंद लिहून बसले होते. अडत्याच्या पट्टीत कोसाइन! अण्णांनी ते पान अजून काढू दिलेलं नाही. ऑफिसात नवीन कोणी आलं की आधी तेच उघडून दाखवतात.