डॅशबोर्डची ट्रिम काढताय? या चुका टाळा

म्युझिक सिस्टिमभोवतीची पट्टी उन्हाने फिकी पडलेली असते, नवा टचस्क्रीन बसवायचा असतो, नाहीतर स्पीडब्रेकरवरून जाताना एसीच्या जाळीपाशी कायम कुरकुर ऐकू येते. निमित्त काहीही असलं तरी ट्रिम, म्हणजे डॅशबोर्डवरच्या या प्लास्टिकच्या पट्ट्या, मोडायची तऱ्हा बहुतेक वेळा एकच असते. क्लिपवर बसलीय असं समजून पट्टी ओढली जाते आणि आत स्क्रू असतो.

क्लिप आणि स्क्रू यांतला फरक हाताला कळतो. क्लिप सुटते तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो, पट्टी सरळ बाहेर येते आणि तिथे दोनतीन मिलीमीटरची फट तशीच राहते. स्क्रू असेल तर पट्टी वाकते, हात सोडला की पुन्हा जागेवर जाते. तीन बाजू सुटल्या आणि एकच कोपरा हटत नाही, म्हणजे त्या कोपऱ्यात स्क्रू आहे. काळ्या प्लास्टिकवर पांढुरकी रेघ दिसू लागली तर तिथेच थांबा. प्लास्टिक ताणलं गेलंय आणि पुढचा आवाज तुटण्याचाच असेल.

स्क्रू दडवायच्या जागाही ठरलेल्या असतात. दार उघडल्यावर डॅशबोर्डच्या टोकाला दिसणारं झाकण, ग्लोव्हबॉक्सच्या आतली वरची कड, सुट्ट्या पैशांच्या खणातला रबरी मॅट, न वापरलेल्या स्विचच्या जागेवरची कोरी टोपी, मीटरच्या कमानीखालची बाजू. या सगळ्या जागा टॉर्च मारून बघा, मगच पट्टीला हात घाला. आपल्या चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांमध्ये बरेच स्क्रू टी-२० टॉर्क्सचे, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीच्या खाचेचे असतात. त्यांत साधा चौफुली स्क्रू ड्रायव्हर घातला की डोकं गोल होतं, आणि मग तो स्क्रू काढण्यातच दुपार जाते.

बॅटरी सोडण्याआधीची कामं बॅटरी सोडल्यावर आठवणं

क्रम चुकला की काम अर्ध्यावर अडतं. आधी चावी चालू करून स्टिअरिंग पूर्ण खाली घ्या. कॉलमच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या, कव्हरचे स्क्रू दिसतील एवढं ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून ते स्क्रू काढून घ्या, कारण चावी काढल्यावर स्टिअरिंग लॉक होतं. ऑटोमॅटिक गाडी असेल आणि मधला कन्सोल काढायचा असेल तर ब्रेक दाबून गिअर ‘एन’ वर आणा. वीज गेल्यावर तो ‘पी’मधून हलत नाही. हँडब्रेक ओढा आणि चाकाला पुढूनमागून वीट लावा. ड्रायव्हरच्या दाराची काच खाली करा, डिकी उघडी ठेवा, चावी बंद करून खिशात टाका. ऑटोमॅटिक गाडी ‘एन’ वर असेल तर अनेक गाड्यांत चावी निघत नाही, तेव्हा ती नुसती बंद करा.

आता १० च्या पान्ह्याने बॅटरीची मायनस केबल सोडा आणि ती परत टर्मिनलला टेकणार नाही अशी बाजूला बांधा. एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडा वेळ चार्ज शिल्लक राहतो. किती थांबायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते सापडलं नाही तर १० मिनिटं थांबा, घाई करू नका. वायरी जोडणारे पिवळे कपलर बहुतेक गाड्यांत एअरबॅगचे असतात. त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावायचा नाही. पिवळा कपलर सुटा असताना चावी चालू केली तर एअरबॅगचा दिवा लागतो, आणि कपलर परत जोडल्यावरही तो बहुतेक वेळा गॅरेजमधल्या, बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरशिवाय जात नाही.

चुकीचं हत्यार, चुकीची वेळ

चपट्या स्क्रू ड्रायव्हरने कड उचकटली की कायमचा चरा पडतो. ट्रिम उचकटायच्या नायलॉनच्या हत्यारांचा संच घ्या आणि शेजारच्या पॅनेलवर आधी मास्किंग टेप लावा. हत्यार फटीत घातल्यावर एकाच जागी जोर न लावता क्लिपच्या अगदी जवळ सरकवून उचला. दोन क्लिपच्या मधोमध उचललं तर ट्रिमच्या पट्टीला बाक येतो.

वेळेचं म्हणाल तर डिसेंबरच्या पहाटे प्लास्टिक कडक झालेलं असतं, लॉक चटकन मोडतात. एप्रिलच्या दुपारी उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की पट्टी मऊ होऊन वाकडी होते. उन्हाळ्यात सकाळी, थंडीत दुपारी, आणि दोन्ही वेळा सावलीत.

काम सुरू करायच्या आधी काचेखालच्या डिफॉगरच्या जाळीवर फडकं अंथरा. तिथे पडलेला स्क्रू डक्टमध्ये जातो आणि तो काढायला नंतर दुप्पट उघडावं लागतं.

क्लिप मोजल्या नाहीत

पट्टी निघाल्यावर ती उलटी करून क्लिपच्या जागा मोजा. ८ जागा आणि ६ क्लिप असतील तर उरलेल्या २ डॅशबोर्डच्या भोकांत अडकल्यात किंवा आत पडल्यात. अडकलेली नोज प्लायरने सरळ ओढा. पडलेली लोखंडी क्लिप असेल तर दांड्याच्या चुंबकाने शोधा. ती आतच राहिली तर महिनाभर खडखडत बसते. नवी ट्रिम अनेकदा क्लिपशिवाय येते, म्हणून जुन्या क्लिप जपून उतरवा. सैल झालेल्या लोखंडी क्लिपचे पंख किंचित फाकवून चालतात. प्लास्टिकची मान पांढरी पडली असेल तर ती क्लिप टाकूनच द्या. पुण्यात नाना पेठेत सुट्या क्लिप मिळतात, पण नुसतं गाडीचं नाव सांगून जाऊ नका, जुना नमुना खिशात न्या.

ट्रिम मागवताना जुन्या पट्टीच्या पाठीवरचा पार्ट नंबर आणि चासी नंबर, दोन्ही द्या. एकाच मॉडेलमध्ये साधा एसी आणि ऑटोमॅटिक एसी यांच्या खाचा वेगळ्या असतात. हॅझर्ड स्विचची जागाही व्हेरिएंटप्रमाणे बदलते.

तुटलेला लॉक कशानेही चिकटवणं

पट्टीच्या पाठीवर, पार्ट नंबरच्या आसपास, दोन कोनी कंसांत प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो. एबीएस (ABS) असेल तर तुटलेला लॉक चांगल्या इपॉक्सीने जोडता येतो. पीपी (PP, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) असेल तर कुठलाच साधा गोंद नीट धरत नाही, लवकरच निघतो. त्यापेक्षा नवी पट्टी घ्या. फेविक्विक तर काळ्या पट्टीजवळ आणूच नका. त्याच्या वाफेने भोवताली पांढरट थर बसतो. दुहेरी टेप लावायची असेल तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थिनर किंवा पेट्रोलने नाही. डॅशबोर्ड पॉलिश आधीच मारलेलं असेल तर हे पुसणं दोनदा करा.

लाकडी फिनिशचे चिकट पत्रे हल्ली सगळीकडे मिळतात. ते दिसतात कसे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न, पण प्रवाशाच्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर किंवा त्याच्या शिवणीवर ते चिकटवू नका.

बसवताना

स्क्रूची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर डॅशबोर्डचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. आखूड जागी लांब स्क्रू गेला तर मागच्या वायरिंगमध्ये घुसतो. प्लास्टिकमध्ये स्क्रू घालताना आधी तो उलटा फिरवा, ‘टिक’ करून जुन्या आट्यात बसला की मग सुलटा. हातानेच आवळा. ड्रिल मशीनने आवळलेला स्क्रू प्लास्टिकचे आटे खाऊन टाकतो.

सगळ्या क्लिप दाबण्याआधी वायर पट्टीखाली चिमटली नाही ना ते बघा. आणि बॅटरी जोडून तात्पुरती चाचणी घ्यायची असेल तर आधी पिवळे कपलर जोडा.

काम झाल्यावर काही बिघडलं तर

एका कोपऱ्यात फट राहिली असेल तर बुक्क्या मारू नका. तिथली क्लिप तिरकी बसलीय किंवा मागे वायर आलीय, पट्टी पुन्हा काढा. हॅझर्ड लागत नसेल तर स्विचचा कपलर अर्धवट बसलाय. एसीची गरम-थंडची कळ शेवटपर्यंत फिरत नसेल तर केबलचं बाहेरचं आवरण आपल्या चापातून सुटलंय. दाराची काच एका टचमध्ये वर जात नसेल तर बिघाड नाही. बॅटरी सोडल्याने काही गाड्यांत असं होतं. काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच ओढून धरला की बहुतेक गाड्यांत ती पुन्हा शिकते.

कुरकुर उरलीच, तर गाडी रस्त्यावर चालवताना शेजारी बसलेल्या कुणाला तरी एकेक जागा बोटाने दाबायला सांगा. आवाज थांबेल तिथे दोन प्लास्टिक एकमेकांना घासतायत. पट्टी काढून त्या कडेला फेल्टची टेप लावा, एकच थर. दोन लावले तर क्लिप पूर्ण बसत नाही आणि मग क्लिपच वाजायला लागते.