जुनं फ्लॅटहेड, नवा ईसीयू आणि अडखळणारं इंजिन

अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर धावणाऱ्या आमच्या गाडीत फोर्डचं फ्लॅटहेड (झडपा हेडऐवजी ब्लॉकमध्ये असलेलं) व्ही-८ इंजिन आहे, १९३२ साली आलेल्या घराण्यातलं. तिथे सुमारे ४,२०० फुटांवर हवा विरळ, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) सारखे बदलावे लागायचे, म्हणून फ्युएल इंजेक्शन आणि ते चालवणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, बसवला. तर ४,००० आरपीएमच्या पुढे इंजिन अडखळायला लागलं. दोन दिवस पेट्रोलच्या लाइनमागे लागलो, ते वाया गेले. डेटा लॉग उघडला तर आरपीएमची रेघ करवतीच्या दातांसारखी! स्पार्क प्लगच्या जुन्या तांब्याच्या वायरी क्रँक सेन्सरच्या (ईसीयूला इंजिनाचा वेग सांगणाऱ्या) सिग्नलमध्ये विजेचा गोंगाट सोडत होत्या. रेझिस्टरवाल्या वायरी घातल्या, सेन्सरला शील्डेड (गोंगाट अडवणारं धातूचं आवरण असलेली) केबल टाकली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली (दोन्हीकडे करू नका). पुढच्या रनला रेघ सरळ वर चढली, आणि फ्लॅटहेडचा तो घोगरा आवाज शेवटपर्यंत अखंड ऐकू आला.