चॉकलेट आणि वाइन: जोडी जमवायची कशी

एका ३१ डिसेंबरला मी ८५ टक्के कोकोचं काळंकुट्ट चॉकलेट आणि नाशिकची ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, कॅबरने सोव्हिन्यों ही लाल वाइन मोठ्या थाटात टेबलावर मांडली. दोन्ही लाल-काळं, दोन्ही भारदस्त, म्हणजे जोडी जमणारच असा माझा हिशेब. मेव्हण्यांनी वडी तोंडात टाकली, वर एक घोट घेतला आणि म्हणाले, "अहो, यापेक्षा आईंचा काढा बरा."

बरोबरच होतं त्यांचं. पेढा खाऊन चहा प्यायलात तर तोच चहा फिक्का आणि कडवट लागतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. चॉकलेट इथे पेढ्याच्या जागी आहे आणि वाइन चहाच्या. चॉकलेटमधली साखर जिभेवर असताना ड्राय वाइन प्यायली की तिच्यातलं फळ गायब होतं. उरतो आंबटपणा आणि तुरटपणा. त्यात कोकोही तुरट आणि लाल वाइनही तुरट. कच्च्या सुपारीवर आवळा खाल्ल्यासारखी जीभ ओढली जाते.

पायरी १: वाइन चॉकलेटपेक्षा गोड हवी

एवढं एक पाळलंत तर निम्मं काम झालं. बाटलीवर 'ड्राय' किंवा 'ब्रूट' (बुडबुड्यांच्या वाइनमधली कमी गोड) लिहिलेलं असेल तर ती या कामाला नको. सिनेमात शॅम्पेन आणि चॉकलेट कितीही छान दिसो, ब्रूट शॅम्पेनवर चॉकलेट खाऊन बघा. लिंबू चावल्यासारखं तोंड होईल.

पायरी २: चॉकलेटचं वेष्टन वाचा

घटकांच्या यादीत कोको बटर हवं. त्याऐवजी वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट असेल तर ते कंपाउंड, म्हणजे खरं चॉकलेट नव्हे. ते जिभेवर मेणासारखं बसतं आणि वाइनची चव पोचूच देत नाही. खरं कोको बटर साधारण ३४ अंशांला वितळतं, म्हणजे तोंडाच्या उबेने विरघळायला अगदी नेमकं.

टक्केवारीचा अर्थ सोपा आहे. ७० टक्के म्हणजे कोकोचा गर आणि कोको बटर मिळून ७०. बाकी जवळपास सगळी साखर. पहिल्यांदा करणार असाल तर ५५ ते ७० टक्क्यांतलं घ्या. ८५ टक्क्यांचं नुसतं खायला ठीक, वाइनसोबत मात्र अवघड. केरळ-तामिळनाडूतल्या कोकोपासून आपल्याकडेच बनणारी चांगली चॉकलेटं आता सहज मिळतात. त्यांत फळासारखा आंबूसपणा असतो आणि तो वाइनला मानवतो. पुदिन्याचं चॉकलेट अजिबात नको. मिरचीचंही नको, कारण अल्कोहोलने तिखट आणखी चढतं.

पायरी ३: कोणासोबत कोण

डार्क चॉकलेटचा खरा सोबती पोर्ट. पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचं जालीम मद्य ओततात. साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट तिथेच मरतं, रसातली बरीचशी साखर तशीच राहते आणि वाइन साधारण २० टक्के अल्कोहोलची, गोड, दाट होते. या खोऱ्याची हद्द १७५६ सालीच कायद्याने आखून दिलेली आहे. रूबी पोर्टमध्ये जांभूळ-करवंदांची आठवण करून देणारं फळ असतं, ती ७० टक्क्यांच्या चॉकलेटसोबत घ्या. टॉनी पोर्ट लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरते. तिला सुक्या अंजिराचा, भाजलेल्या बदामाचा वास येतो. बदाम, हेझलनट किंवा कॅरमेल घातलेलं चॉकलेट असेल तर टॉनीच आणा. मला विचाराल तर सगळ्या जोड्यांत ही सर्वांत सरस.

गोव्यात 'पोर्ट' म्हणून जी गोड लाल वाइन मिळते ती या अर्थाने पोर्ट नव्हे. पण नाक मुरडू नका. मिल्क चॉकलेटसोबत थंड करून प्या, मजा येते, आणि खिशालाही झेपते.

पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचा गर नसतोच, नुसतं कोको बटर, दूध आणि साखर. तुरटपणाची भानगडच नाही. इथे नाशिकची लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन कामाला येते. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर वाढू देऊन मग तोडतात, म्हणून ती मधासारखी गोड आणि तरी थोडी आंबट. तो आंबटपणाच पांढऱ्या चॉकलेटचा ओशटपणा कापतो. इटलीची गोड पांढरी मोस्कातो द'आस्ती मिळाली तर तीही चालेल. अल्कोहोल जेमतेम ५ टक्के, वर हलके बुडबुडे.

घरात फक्त ड्राय लाल बाटली आहे आणि पाहुणे दारात? झिनफँडेलसारखी फळाळ, कमी तुरट असेल तर ५५ टक्क्यांच्या चॉकलेटवर मिठाचे दोन खडे टाका. मिठाने कडवटपणा दबतो. अगदी जमलं असं नाही म्हणता येणार, पण वेळ निभते.

पायरी ४: फ्रिजचं गणित

'वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे युरोपातल्या गार खोल्यांसाठी आहे, पुण्याच्या एप्रिलसाठी नाही. रूबी पोर्ट वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, लेट हार्वेस्ट दोन-तीन तास. चॉकलेटचं उलटं: थंडगार चॉकलेटला चव नसते. फ्रिजमधून काढलंत तर वेष्टनासकट, बंद डब्यातच अर्धा तास बाहेर राहू द्या. उघडं काढलं की त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं, साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरट, खरखरीत डाग पडतात.

पायरी ५: चाखायचं कसं

आधी वाइनचा एक घोट नुसताच घ्या. मग करंगळीच्या पेराएवढा तुकडा तोंडात टाका, दोनदा चावा आणि थांबा. इथेच सगळे घाई करतात. तुकडा जिभेवर पसरायला वीसेक सेकंद लागतात. तो पूर्ण संपायच्या आत दुसरा घोट घ्या आणि तोंडात जरा फिरवा. पहिल्या घोटापेक्षा वाइन जास्त फळाळ लागली तर जोडी जमली. आंबट किंवा पातळ लागली तर चॉकलेट बदला.

पांढरं, मग मिल्क, मग डार्क असा क्रम ठेवा. माणशी प्रत्येक वाइन ५० मिलिलिटर पुरे. पोर्ट गोड असल्याने कळत नाही, पण चढते. मधे तोंड साफ करायला पावाचा कोरडा तुकडा आणि कोमट पाणी. गार पाणी नको, जिभेवरचं कोको बटर थिजतं. आणि हा कार्यक्रम ठेचा-भाकरीच्या जेवणानंतर लगेच ठेवू नका.

उरलेली रूबी बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये तीनेक आठवडे राहते. त्या रात्रीची आमची कॅबरने मात्र दुसऱ्या दिवशी सुक्या मटणासोबत संपली, आणि मेव्हण्यांनी दोनदा मागून घेतली.