फ्लॅग कोणते पडले होते जी?

वीजकेंद्राच्या टेस्टिंग विभागात रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात मी रिलेंचे, म्हणजे जनरेटरमधला बिघाड ओळखून तो बंद पाडणाऱ्या उपकरणांचे, नंबर पाठ केले. ८७ म्हणजे डिफरेन्शियल (दोन टोकांचे करंट जुळत नाहीत), ४० म्हणजे फील्ड, अर्थात रोटरचं म्हणजे फिरत्या भागाचं चुंबकत्व, गेलं, ४६ म्हणजे निगेटिव्ह सिक्वेन्स (तीन फेजमधला असमतोल), ३२ म्हणजे रिव्हर्स पॉवर (मशीन उलट ग्रिडकडून वीज घेतंय). मुलाखतीला एवढं पुरतं. रात्रपाळीला पुरत नाही, हे जुलैतल्या एका पावसाळी रात्री कळलं.

विदर्भातला २१० मेगावॉटचा जुना सेट, म्हणजे टर्बाइन आणि जनरेटरची जोडी. रात्री दोनच्या सुमारास ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. कंट्रोल रूममध्ये अलार्मची खिडकी पेटली होती : स्टेटर अर्थ फॉल्ट, म्हणजे जनरेटरच्या स्थिर भागाचं वाइंडिंग जमिनीला टेकल्याचा इशारा. डेस्कवरून ‘मशीन कधी देता?’ सुरू झालेलं. मी रिले पॅनलपाशी धावलो, फ्लॅग (कोणता रिले चालला ते दाखवणाऱ्या खुणा) पडलेले बघितले आणि घाईघाईत सगळे रिसेट करून टाकले. मागून आमचे जुने टेक्निशियन छत्री झटकत आले. त्यांनी एकच विचारलं, “साहेब, फ्लॅग कोणते पडले होते जी?”

मला सांगता येईना.

या एका प्रश्नात किती काय होतं ते समजायला मशीनची अर्थिंग समजून घ्यावी लागते. १५.७५ केव्हीला हे मशीन पूर्ण लोडवर साधारण ९,००० अँपिअर देतं. पण त्याचा न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेज जिथे जुळतात ते टोक, थेट जमिनीला जोडलेला नसतो. मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या सेकंडरीला रेझिस्टन्स असतो. त्यामुळे वाइंडिंग जमिनीला टेकलं तरी फॉल्ट करंट दहाएक अँपिअरच्या वर जात नाही. एवढी कंजुषी कशासाठी? वाइंडिंगचा जळका बार बदलता येतो. पण कोअरच्या, म्हणजे वाइंडिंग ज्यात बसतं त्या लोखंडी गाभ्याच्या, पत्र्यांवर मोठा आर्क बसला तर पत्रे वितळून एकमेकांना चिकटतात आणि मग स्टेटरचं काम महिनोन्महिने चालतं.

आता फॉल्ट टर्मिनलजवळ असला तर न्यूट्रलवर ९ केव्हीच्या आसपास व्होल्टेज चढतं आणि रिलेला ते सहज दिसतं. न्यूट्रलपासून पाच टक्क्यांवर असला तर जेमतेम साडेचारशे व्होल्ट. म्हणून एक रिले ९५ टक्के वाइंडिंग सांभाळतो आणि न्यूट्रलकडच्या शेपटासाठी दुसरा असतो. आमच्याकडे तो थर्ड हार्मोनिकवर, म्हणजे मशीनमध्येच तयार होणाऱ्या तिप्पट फ्रिक्वेन्सीच्या व्होल्टेजवर, चालायचा. खिडकी मात्र दोघांची एकच. म्हणजे शोध कोणत्या टोकापासून सुरू करायचा हे फक्त फ्लॅग सांगणार होता, आणि तो मी पुसला होता.

आम्ही न्यूट्रल क्युबिकलपासून सुरुवात केली. लिंक सोडा, मेगर करा (इन्सुलेशन मोजा), पुढे सरका. दुपार झाली तेव्हा बस डक्टवर, म्हणजे जनरेटरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत करंट नेणाऱ्या बंद नळीवर, चढलेल्या पोराने खाली ओरडून सांगितलं की रबरी बेलोला (लवचिक जोडाला) चीर आहे आणि आत इन्सुलेटरवर पाणी आहे. स्टेटरला काहीही झालेलं नव्हतं. ९५ टक्क्यांचा रिले बस डक्ट, पीटी (व्होल्टेज मोजायचे ट्रान्सफॉर्मर), जनरेटर ट्रान्सफॉर्मरचं एलव्ही (कमी व्होल्टेजचं) वाइंडिंग, सगळंच बघतो, हे पुस्तकात होतं. पावसाळ्यात आधी बाहेर बघायचं, हे नव्हतं.

आता न्यूमेरिकल (संगणकीय) रिले आलेत, डिस्टर्बन्स रेकॉर्डमध्ये कोणत्या फेजचं व्होल्टेज पडलं ते दिसतं. तरी रिसेट करण्याआधी मोबाईलवर फोटो काढा.

नवीन मुलांना दुसरी जागा अडते ती ट्रिपची. ब्रेकर उघडला की काम झालं, असं वाटतं. लाइन किंवा ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत बऱ्याच अंशी तसंच असतं. जनरेटरच्या आतला फॉल्ट मात्र मशीन स्वतःच पोसत राहतं : ग्रिड तुटली, फील्ड ब्रेकर उघडला, तरी रोटरचं फ्लक्स विरायला काही सेकंद जातात. म्हणून डिफरेन्शियलला सगळं एकदम ट्रिप, ब्रेकर, फील्ड आणि टर्बाइन. यात एका क्षणाचीही चर्चा नाही.

टर्बाइन किंवा बॉयलरच्या बाजूने ट्रिप आली तर उलटं. ल्युब ऑइलचं प्रेशर गेलं आणि तुम्ही आधी ब्रेकर उघडलात, तर अंगावरचा लोड एकदम उतरतो. एखादा स्टॉप व्हॉल्व्ह अडकून वाफ आत येत राहिली, तर ३,००० आरपीएमचं धूड वर पळू लागतं. म्हणून आधी वाफ बंद, मग पॉवर शून्याच्या जवळ आली याची खात्री, मगच ब्रेकर. ती खात्री देणारा लो फॉरवर्ड पॉवर रिले दिसायला साधा, पण माझ्या मते आख्ख्या पॅनलमधला सगळ्यात शहाणा. मात्र फार वेळ थांबूनही चालत नाही. वाफेविना मशीन मोटरसारखं फिरत राहिलं की टर्बाइनची शेवटच्या टप्प्याची पाती नुसत्या घुसळण्याने तापतात. रिव्हर्स पॉवरचं सेटिंग अर्धा टक्का वगैरे असतं ते म्हणूनच, आणि त्यामुळेच सीटीची (करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरची) अँगल एररही तिथे महागात पडते.

प्रत्येक नंबरसमोर असंच लिहा : नेमकं काय तापतं किंवा तुटतं, आणि किती वेळात. ४६ समोर : असमतोल करंटमुळे रोटरच्या पृष्ठभागावर १०० हर्ट्झचे करंट, वेजेस (खाचांमधल्या पाचरी) तापतात. ६४-आर (रोटर अर्थ फॉल्ट) समोर : पहिला अर्थ फॉल्ट निरुपद्रवी, दुसऱ्याने वाइंडिंगचा काही भाग शॉर्ट होऊन रोटर थरथरतो. ही यादी स्वतः करा, माझी उतरवू नका.

सीटीचं सर्किट चालू मशीनवर उघडायचं नाही, हे सगळेच सांगतील. सीटीची टोकं जोडणारी शॉर्टिंग लिंक लावल्यावर क्लॅम्प मीटरने करंट लिंकमधून वळलाय का ते बघायचं, हे कमी जण सांगतात.

आणि ओव्हरहॉलला रोटर बाहेर काढला की आत जायची परवानगी मागा. खिसे रिकामे, घड्याळ-अंगठी बाहेर, नेलेली प्रत्येक वस्तू रजिस्टरात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मेकॅनिकल मेंटेनन्सच्या सरांनी टॉर्च एंड वाइंडिंगवर धरला. बांधणीच्या दोरीपाशी पांढरट भुकटी साचली होती. बार सैल होऊन एकमेकांवर घासत होते. “हे तुमचा कोणता रिले पकडतो?” त्यांनी विचारलं. मी डोक्यातले सगळे नंबर फिरवून बघितले. एकही नव्हता. त्यांनी छोटी हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “वेज ठोकत पुढे जा. भरीव आवाज आला तर सोड, पोकळ आला तर खडूने खूण कर.”